ऑल्डरकोमच्या शिवेवरची बाई

मित्रांनो, मी एक जुना शिवेचा दगड आहे. माझ्या या अंगाला ऑल्डरकोम गाव, त्या अंगाला हॅरोबी. खाणीतून आणून मला इथं उभं केलं, तेव्हा पाद्रीबाबांनी माझ्यासमोर प्रार्थना म्हटली होती. पुढे माझं कौतुक वर्षातून एकदाच होई. वसंतात सगळं ऑल्डरकोम पाद्रीबाबांच्या मागून शीव फिरायला निघे. पोरं विलोच्या झाडाच्या छड्यांनी मला झोडपत. मग मोठी माणसं एखाद्या पोराला हातापायांना धरून उचलत आणि त्याचं ढुंगण माझ्यावर दणकन आपटत. शीव जन्मभर लक्षात राहावी म्हणून! रडणाऱ्याला मनुकांचा गोड पाव मिळे. मला त्या पोरांची दया येई, आणि खरं सांगायचं तर गंमतही वाटे.

मग तो हिवाळा आला. एका सकाळी ऑल्डरकोमच्या हद्दीत, माझ्याजवळच, एक बाई बर्फात मरून पडलेली दिसली. अंगावर शाल, पाय अनवाणी. ती कुठली कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं. इथली रीत अशी, की बेवारस माणसाला मूठमाती द्यायची ती ज्याच्या हद्दीत सापडलं त्या गावानं, आपल्या खर्चानं. पण हद्द ठरण्याआधी कुणी प्रेताला हात लावला, तर ते हात लावणाऱ्याच्या गावाच्या गळ्यात पडायचं.

चर्चचा कारभारी सायलस गॉडबोल्ड दाढी खाजवत तिच्याकडे बघत राहिला. "हिला हलवायची सोय नाही," तो म्हणाला.

"मग काय करायचं?" कबरी खणणाऱ्या इनॉक पेडलीनं विचारलं.

"दगड हलव."

दोघांनी पहारी घालून मला उपटलं, ओढत नेलं आणि बाईच्या अलीकडे, ऑल्डरकोमच्या बाजूला रोवलं. झालं, बाई हॅरोबीची झाली! थोड्या वेळानं हॅरोबीची माणसं आली. मला ओढल्यानं बर्फात पडलेली चारी त्यांना दिसणार नाही, असं सायलसला वाटलं तरी कसं?

"काय हो गॉडबोल्ड, तुमच्याकडचे दगड थंडीत चालायला लागले वाटतं?"

"बाई तुमच्या हद्दीत आहे. मुकाट्यानं घेऊन जा."

"हात लावतंय कोण! तुम्हीच लावा."

भांडण अगदी रंगात आलं होतं, आणि शालीखालून रडणं ऐकू आलं. तरी पुढे कुणी होईना. इनॉकची बायको डॉर्कस त्याची न्याहारी घेऊन येत होती, ती टोपली टाकून धावली.

"अरे मुडद्यांनो, मेलीला शिवू नका, पण जित्या लेकराला तर घ्याल!"

तिनं शालीतून एक तान्ही मुलगी काढली, उराशी धरली आणि मागं न बघता घराकडे चालू लागली.

"लागला की ऑल्डरकोमचा हात!" हॅरोबीकर म्हणाले.

"पोरीला लागला, बाईला नाही," सायलस म्हणाला. आणि दोन्ही गावं आपापल्या वाटेनं गेली.

अंधारायच्या सुमारास इनॉक एकटाच आला. ती पडली होती तिथंच त्यानं खड्डा खणला आणि तिला निजवलं. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून मला लोटत आणून तिच्यावर उभं केलं. घंटा वाजली नाही, प्रार्थना झाली नाही. इनॉक लाजेनं हे कधी कुणाजवळ बोलला नाही. ऑल्डरकोम म्हणत राहिलं, हॅरोबीनं पुरलं. हॅरोबी म्हणत राहिलं, ऑल्डरकोमनं.

तेव्हापासून धुकं उतरलं की खालून बाईचा आवाज येतो, "माझं बाळ कुठाय?" मेंढ्या माझ्या आडोशाला बसत नाहीत. मला भीती वाटते, मित्रांनो. दगडाला कसली भीती, असं म्हणू नका.

डॉर्कसनं त्या मुलीचं नाव थिर्झा ठेवलं. शीव फिरताना एका वर्षी तिची पाळी आली. तिला माझ्यावर आपटलं, तर ती रडली नाही. पालथी होऊन, मला कान लावून पडून राहिली.

"ऊठ की गं, पाव नको का तुला?" डॉर्कस म्हणाली.

"थांब ना, इथं ऊब आहे," थिर्झा म्हणाली.

त्यानंतर कितीतरी धुकी आली नि गेली, खालून आवाज आला नाही. पुढे थिर्झा गेली, शीव फिरणं बंद पडलं, माझ्यावर काटेरी झुडपं माजली आणि विचारणं पुन्हा सुरू झालं.

आता थिर्झाची नात रोझलिंड पेडली गावाचा इतिहास जमवते. गेल्या आठवड्यात तिनं स्वतःच्या हातांनी माझ्यावरची झुडपं काढली, शेवाळ घासलं. जुन्या नकाशावरून तिनं शोधून काढलंय, की मी चुकीच्या जागी उभा आहे. दमून ती माझ्यावर बसली आणि शेजारच्या गॉर्डनला म्हणाली, "आजीच्या आईला कुठं पुरलं, काही कळलं नाही रे. दोन्ही गावांच्या कबरी वाचून झाल्या. आता मी थकले. गावाची शीव तेवढी सरळ करते आणि थांबते."

"उद्या यंत्र घेऊन येतो," गॉर्डन म्हणाला. "एका उचलीचं काम आहे."

ती बसली होती तोवर खालचा आवाज गप्प होता. मला ओरडावंसं वाटलं. दगडाला ते जमत नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू सरळ करण्याआधी ती वाकडी का झाली, ते जरा विचारत जा. माझं बोलणं तुम्हाला ऐकू येतंय, रोझलिंडला येत नाही. उद्या सकाळी तुमच्यापैकी कुणी इथं असाल, तर मला खुशाल उचलू द्या. पण खड्ड्यात माती लोटण्याआधी तिचा हात धरा आणि तिला सांगा, की बाई, जरा खाली वाकून बघ.