सोमवारी भरलेली दाढ

“आ कर. अजून मोठा.”

आरशात डावीकडची दाढ दिसली आणि आल्फहिल्डचा हात थांबला. ही दाढ तिनेच भरली होती, सोमवारी. आज शुक्रवार. भरलेला भाग झिजून सपाट झाला होता, कडेने काळा पडला होता.

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या त्या लष्करी तळावर ती सव्वीस वर्षं दातांची डॉक्टर होती. तळ एका खासगी कंपनीकडे गेला, तरी ती राहिली. जुन्या लढायांचे निकाल गिऱ्हाइकांच्या सोयीने फिरवायला कंपनी शिपायांना मागच्या काळात पाठवते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. करार चार दिवसांचा. परतलेल्या माणसांचे चेहरे ओढलेले दिसत. प्रवासाचा शीण, असं कंपनी सांगे. पण शिणाने दात झिजत नाहीत.

“एंड्रे, किती दिवस होतास तिकडे?”

“चार.” तो छताकडे बघत म्हणाला.

“मला शिकवू नकोस. दाढ वेगळंच सांगतेय.”

“बोललो तर परत पाठवतील, डॉक्टर.”

तिने दाराकडे पाहिलं. मग दात कोरायचं यंत्र नुसतंच चालू केलं आणि त्या घरघरीत कान त्याच्या तोंडाशी नेला.

“अकरा हिवाळे,” तो पुटपुटला. “काम फत्ते होईपर्यंत त्यांनी परतीचं दार उघडलंच नाही.”

सोमवारी हा तिच्या मुलाच्या वयाचा होता. आता धाकट्या भावाच्या.

दार न वाजवताच कंपनीचा अधिकारी त्वाइत आत आला. हातात तिच्यासाठी कॉफी. आजवर त्याने कधी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

“झालं का? तपासणीत वय एकोणतीसच लिहा हं.”

“दात चाळिशीचे आहेत.”

“आधीच्या तिघांचं तर मुकाट्याने लिहिलंत की.”

तिचे कान तापले. “तेव्हा नुसता संशय होता.”

“निवृत्तीला दोनच वर्षं उरलीत ना तुमच्या?” तो हसून म्हणाला. “कशाला उगाच?”

आल्फहिल्डने कॉफी बाजूला सारली. ‘चाळीस’ असं अक्षरात लिहिलं, सही केली आणि एक प्रत एंड्रेच्या खिशात कोंबली.

“वकिलालाच दाखव. दुसऱ्या कुणाला नाही.”

“सोमवारपासून तुम्ही येऊ नका,” त्वाइत म्हणाला. आता तो हसत नव्हता.

तासाभराने ती आपली हत्यारं खोक्यात भरून फाटकाबाहेर आली. एंड्रेची बायको इंगुन तिथे उभी होती, जेमतेम सत्तावीसची. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाकडे टाचा उंचावून बघत होती. एंड्रे समोर आला, तर वाट द्यायला ती बाजूला सरकली.

“इंगुन,” तो म्हणाला.

आवाजाने ती वळली. मग तिने हातमोजा काढला आणि त्याच्या भुवईवरचा पांढरा बर्फ अंगठ्याने पुसला. पुन्हा पुसला. तो बर्फ नव्हता.