सुवर्णाकाकूंच्या नावापुढची खूण

मित्रांनो, पॅड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काचेचा, बोट लावलं की उजळणारा, सारखा चार्जिंगला लावावा लागणारा असा कोणीतरी येईल. त्याचं माझं काही नातं नाही. मी हार्डबोर्डचा पॅड आहे. पुढून गुळगुळीत, मागून खरखरीत, डोक्यावर लोखंडी चाप. पूर्वी मुलं परीक्षेला जाताना काखेत मारून न्यायची, तो. आता माझा एक कोपरा फुगून पापुद्रे सुटले आहेत, चाप गंजला आहे आणि माझा मुक्काम न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला, एका गराजमध्ये, बर्फ ओढायच्या फावड्याशेजारी आहे. थकलोय मी. पण सगळा जन्म लोकांची नावं छातीवर धरून काढला, त्यामुळे कोणी काय लिहिलं आणि प्रत्यक्षात काय केलं, हे मात्र विसरता विसरत नाही.

माझा जन्म पुण्याचा, रविवार पेठेतल्या एका बोळातला. एकाच दिवशी आम्ही दोनशे भावंडं कापली गेलो. इंजिनिअरिंगच्या गुरुनाथ नावाच्या मुलाने मला निवडलं, तेही दुकानदार वैतागेपर्यंत दहा जणांचे चाप उघडमीट करून झाल्यावर. चार वर्षांच्या परीक्षा मी त्याच्या पेपराखाली काढल्या. घामेजलेले हात, गळकं पेन, शेवटच्या पाच मिनिटांत पुरवणी बांधायची धांदल, सगळं सोसलं. तो अमेरिकेला निघाला तेव्हा शर्टांच्या घड्या मोडू नयेत म्हणून त्याने मला बॅगेत मधोमध घातलं. मला वाटलं, प्रेमाने नेतोय. पुढे कळलं, कडक काहीतरी हवं होतं.

इकडे आल्यावर गुरुनाथचे गुरुनाथकाका झाले, टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं नोकरी झाली, आणि मी महाराष्ट्र मंडळाच्या सेवेत रुजू झालो. मंडळाचा कार्यक्रम म्हणजे पॉटलक. कोण काय करून आणणार, त्याची यादी माझ्यावर. मित्रांनो, माणसं ओळखायची असतील तर पॉटलकची यादी धरावी. सगळ्यांत आधी धावत येऊन 'पेपर प्लेट्स' लिहून मोकळे होणारे कोण, 'काहीतरी गोड' एवढंच लिहून सगळ्यांना टांगणीला लावणारे कोण, आणि पन्नास जणांचा वरणभात निमूटपणे अंगावर घेणारी कोण, हे मी डोळे मिटून सांगेन.

गुरुनाथकाकांनी यादीची एक युक्ती काढली होती. फोन करकरून विचारत बसायचं नाही. गेल्या वर्षीच्या यादीवरून आपणच भरून टाकायची. चारुताच्या नावापुढे मसालेभात, गिरीशच्या नावापुढे सोडा आणि बर्फ, डॉक्टर रेखाताईंच्या नावापुढे कोशिंबीर. लोक येत, आपलं नाव बघत, हसत आणि मुकाट्याने तेच आणत. वीस वर्षांत ही युक्ती एकदाही फसली नाही. काकांची पक्की समजूत झाली, की माणसांना विचारायची गरज नसते. आपल्याला माहीतच असतं.

मधली सहा वर्षं मात्र मी काकांच्या बायकोकडे, सुवर्णाकाकूंकडे होतो. काकांच्या आई इकडे राहायला आल्या आणि हळूहळू सगळं विसरत गेल्या. खालच्या खोलीत, त्यांच्या पलंगाशेजारच्या खिळ्याला मला टांगलेलं असे. माझ्यावरच्या कागदावर काकूंच्या बारीक अक्षरात रोजचा हिशेब: पेज अर्धी वाटी. गोळी थुंकल्या, पुन्हा दिली. रात्री तीनदा उठल्या. आज मला ओळखलं. अशी दोन हजारांवर पानं माझ्यावरून गेली. डॉक्टरांनी त्यांतली दोन वाचली. काकांनी एकही वाचलं नाही. ते वाईट होते असं नाही. ते दारातून विचारत, "सगळं ठीक ना?" आणि उत्तर ठीकच असणार हे त्यांना माहीत असे.

आई गेल्या. मी गराजमध्ये आलो. दोन हिवाळे माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

मग अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं वर्ष उजाडलं. पक्षाचा उमेदवार कोण, ते ठरवणारी आधीची फेरी असते ना, प्रायमरी, तिची धामधूम सुरू झाली. त्या वर्षी रिंगणात तिघं उरली होती. एक बाई होत्या, एक गृहस्थ आपल्याकडच्या वंशाचे होते आणि एक होते ओहायोकडचे गोरे, जुने सिनेटर. नावं मी सांगणार नाही. ती सांगून माझं कोणी तेल-पाणी करणार नाही.

आपल्याकडच्या गृहस्थांचं काम बघणारी प्रीता नावाची मुलगी एक दिवस काकांकडे आली. चाळीस मराठी मतदारांची यादी हवी होती तिला, कोणतं मत पक्कं, कोणतं कच्चं, अशी. काकांनी मला झटकून आत आणलं, कागद लावला आणि पेन्सिलीने चाळीस नावं काढून चाळीस खुणा केल्या. वीस मिनिटांत काम झालं. पहिलं नाव स्वतःचं, दुसरं सुवर्णाकाकूंचं.

"एवढ्यात सगळ्यांना विचारलंतसुद्धा?" प्रीता थक्क झाली.

"विचारायचं काय त्यात? आपलीच माणसं आहेत."

त्याच दुपारी काकूंना चारुताचा फोन आला. ती त्या बाईंच्या बाजूने काम करत होती. आपण बायकांनी तर एकत्र राहायलाच हवं, मी तुझं नाव लिहूनच टाकलंय, असं तिनं सांगितलं. काकूंनी बरं म्हणून फोन ठेवला आणि चहा टाकला. एकाच दिवसात एका बाजूने त्यांना आडनावावरून मोजलं होतं आणि दुसऱ्या बाजूने साडीवरून. विचारलं कोणीच नव्हतं. मी जेवणाच्या टेबलावर पडलो होतो, त्यांच्या नावापुढची खूण वर करून. त्यांनी ती वाचली. मग माझ्यावर कपाची बशी जरा जोरात ठेवली.

दोन-तीन दिवसांनी टीव्हीवर तिन्ही उमेदवारांना लोक प्रश्न विचारत होते. एक नर्स उठली. घरी म्हाताऱ्या माणसाचं सगळं करणाऱ्याला कोण सांभाळतं, असं तिनं विचारलं. दोघांनी आपापल्या आजीची गोष्ट सांगितली. छान सांगितली, एकाचे तर डोळेही भरून आले. तिसऱ्यांनी सांगितलं की मला याचं उत्तर माहीत नाही, आणि त्या नर्सलाच उलट विचारलं, तुम्ही शेवटच्या सलग कधी झोपलात? काकू रुमालांच्या घड्या घालत होत्या. त्यांचे हात थांबले. काकांनी चॅनेल बदललं. काकू नंतर स्वयंपाकघरात गेल्या आणि फोनवर तेवढाच तुकडा त्यांनी पुन्हा ऐकला. दोनदा.

शनिवारी काका घरोघर निघाले. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून शेजारचा सुशांत गाडी चालवत होता. तो नागपूरचा, व्हिसावर आलेला. त्याला इथे मत नाही, त्यामुळे त्याला सगळ्यात गंमत वाटत होती. काकांना नुसत्या खुणा पक्क्या करायच्या होत्या. सुशांतने कडेला एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'का?'

मित्रांनो, त्या रकान्यानं घोटाळा केला. पहिल्याच दारात डॉक्टर रेखाताई म्हणाल्या, "गुरुनाथ, चाळीस वर्षांत पेशंटचं आडनाव बघून मी औषध लिहिलं नाही. मत कसं देऊ?" गिरीश रोज प्रिन्स्टन जंक्शनवरून न्यूयॉर्कला जाणारा, नदीखालच्या रेल्वे बोगद्याबद्दल जो धड बोलेल तो त्याचा. निहारची बहीण-मेव्हणे अकरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत. त्या रांगेचं नाव काढणाऱ्यालाच त्याचं मत. एका घरात नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे. बायको त्या उमेदवार बाईंच्या बाजूची, पण बाई म्हणून नव्हे. त्या गव्हर्नर असताना पुराच्या गावात चार दिवस राहिल्या होत्या, फोटोवाले निघून गेल्यावरसुद्धा. एकाला ओहायोवाल्यांचा आवाज शांत वाटत होता, ऐकलं की झोप लागते म्हणाला. सहा घरांनी सरळ सांगितलं, आपला माणूस आहे म्हणून. त्यांचंही खोटं नव्हतं. पण सहाच.

संध्याकाळपर्यंत चाळीसातल्या सतरा खुणा खोडल्या गेल्या होत्या. काका गाडीत बसले. प्रीताला काय तोंड दाखवू, म्हणाले. मग म्हणाले, लोक कृतघ्न झालेत, आपल्या माणसाची किंमत नाही.

सुशांतने गाडी चालवता चालवता माझ्याकडे बोट केलं. "काका, ही दुसरी ओळ राहिली ना यार. काकूंना विचारलं का?"

"हिला काय विचारायचं?"

सुशांत हसला. काका हसले नाहीत.

आता या घरची एक पद्धत सांगतो. वर्षाचे करांचे कागद काका भरत, काकू खाली सही करत. मताचंही तसंच चाललं होतं. पूर्वी मतदानाला जाताना काका गाडीत सांगत, कोणाला ते. मग मतपत्रिका टपालाने येऊ लागल्या, तेव्हा काका जेवणाच्या टेबलावर दोन्ही भरू लागले. काकू पाकिटावर सही करत आणि पाकीट टाउनशिपच्या कचेरीबाहेरच्या पेटीत टाकून येत. कोणी कोणावर जबरदस्ती केली नव्हती. सवय होती.

न्यू जर्सीचा नंबर फार उशिरा लागतो, जूनमध्ये. तोवर इतर राज्यांत पंगत जवळपास उठलेली असते. त्या वर्षीही तसंच झालं. मतपत्रिका घरात येऊन पडल्या आणि त्याच आठवड्यात काकांच्या उमेदवाराने माघार घेतली. नाव छापलेलं तसंच राहिलं. काका दोन दिवस फारसे जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आपला कागद भरला, मग काकूंचा माझ्या चापात लावला आणि पेनाचं टोपण काढलं.

काकू ओल्या हातांनी बाहेर आल्या. "अहो, तो माझा कागद आहे."

"भरतोय ना. सही तेवढी तू कर."

"नको. मी भरते."

काकांनी वर बघितलं. आजवर कधी हा प्रश्न आला नव्हता, असं त्यांचं म्हणणं पडलं. आजवर कधी विचारलंच नव्हतंत, असं काकूंचं. मग काका थकल्या आवाजात म्हणाले, "अगं, आता काय फरक पडतो? सगळं ठरल्यात जमा आहे. माझा माणूस तर गेलासुद्धा."

"मग माझं मी लिहिलं तर कोणाचं काय बिघडणार आहे?"

त्यांनी पदराला हात पुसले, मला उचललं आणि खालच्या खोलीत गेल्या. पलंग आता तिथे नाही. खिळा आहे. त्याच्याखाली खुर्ची ओढून त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि तिन्ही नावं सावकाश वाचली, औषधाच्या बाटलीवरचं वाचतात तशी. मग एका गोलात शाई भरली. भरून झाल्यावर पुन्हा भरली. सहा वर्षं ज्या हाताने 'गोळी थुंकल्या' लिहिलं, तोच हात. पण इतका दाब मी त्याचा कधी अनुभवला नव्हता.

काका दारात येऊन उभे राहिले. नेहमी राहायचे तिथेच.

"कोणाला दिलंस?"

"ते नाही सांगायचं. का दिलं ते सांगते, हवं तर."

आणि त्यांनी त्या नर्सची गोष्ट सांगितली. मला माहीत नाही, असं एका उमेदवाराने सांगितलं, म्हणून. "या घरात ते वाक्य मी कधी ऐकलं नाही," काकू म्हणाल्या. रागाने नाही, वरणात मीठ कमी आहे असं सांगावं तसं.

काकांनी खिळ्याकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, आई रात्रीच्या किती वेळा उठायची? काकू म्हणाल्या, तीनदा. कधी पाच. काका म्हणाले, "मला माहीत नव्हतं."

त्यानंतर त्यांनी वर जाऊन यादी काढली, दुसऱ्या ओळीवरची खूण खोडली आणि 'का?' या रकान्यात लिहिलं, 'विचारलं नव्हतं'. प्रीताचं काम केव्हाच संपलं होतं. ती यादी कोणालाच नको होती. तरी लिहिलं.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीला काकांनी चाळीस फोन केले. चार दिवस लागले, घसा बसला. चारुताने सांगितलं की मसालेभाताचा तिला कधीचाच कंटाळा आलाय. पाच घरांनी पेपर प्लेट्स लिहिल्या, आणि वरणभाताला कोणीच पुढे आलं नाही. विचारण्याचे असेही तोटे असतात, हे मी लपवणार नाही. पुढे याद्या फोनवरच होऊ लागल्या आणि मी पुन्हा फावड्याशेजारी आलो.

तर मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा जुना पॅड असेल तर त्याला ओलीत ठेवू नका. चापाला तेलाचा एक थेंब पुरतो. आणि त्याच्यावर कधी कोणाची यादी लावलीत, तर खूण करण्याआधी त्या माणसाच्या दारापर्यंत जा. आत जा. दारातून विचारू नका.

काकांची पेन्सिल खोडरबराने साफ निघून गेली. माझ्या अंगावर तिची रेघसुद्धा राहिली नाही. काकूंचा गोल मात्र कागदातून उतरून माझ्यावर उमटला आहे. लहानसा, लांबट, तांदळाच्या दाण्याएवढा. उजेडात तिरका धरलात तर दिसेल. तो कितव्या नावाखाली येतो, ते मला माहीत आहे. मला विचारू नका.