थांबकाकांचं फाटक

लष्कराची छावणी बंद होऊन वर्ष उलटलं, तरी माणसं तिच्या भिंतीला वळसा घालूनच जायची. फाटक तर उघडं होतं. आत जवानांच्या जुन्या इस्पितळात नगरपालिकेने सगळ्यांसाठी दवाखाना सुरू केला होता. पण जाणार कोण? फाटकावर थांबकाका होते ना!

काकांची उभी हयात तिथे पहाऱ्यावर गेली. जवान गेले. काकू त्याआधीच गेल्या होत्या. नगरपालिकेने काकांना तेवढं ठेवून घेतलं. दिवसभर बोलायला चिटपाखरू नाही. लांबून कुणी येताना दिसलं की त्यांचा जीव हरखायचा, पण हात आपसूक फाटकाचा आडवा दांडा खाली ओढायचा आणि तोंडातून निघायचं, "थांब! कुठे?" माणूस आल्या पावली परत. काका पुन्हा एकटे.

एक दिवस डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं, पेशंट येत नाहीत, महिनाअखेर दवाखाना बंद होणार आणि इमारतीचं गोदाम होणार. काकांनी सगळा राग लोकांवर काढला. यांना फुकटचं चांगलं पचत नाही, म्हणाले.

त्याच दुपारी भिंतीच्या कडेने त्यांची धाकटी बहीण जाताना दिसली. गुडघे धरून, पावलापावलाला टेकत, लांबच्या दवाखान्याकडे निघालेली. काका धावले. जवळचं सोडून उन्हात कशाला वणवणतेस, म्हणून तिच्यावर डाफरले.

ती भिंतीला टेकली. "दादा, तुझ्या फाटकाची भीती वाटते रे. दांडा खाली आला की वाटतं, आपण इथले नव्हेच. तुला भेटायलासुद्धा पाय उचलत नाही माझा."

 वर्षभर फाटकाशी बसून काका हिचीच तर वाट बघत होते!

दुसऱ्या दिवशी त्यांनी दांडा उपसला आणि दवाखान्याच्या पायऱ्यांना कठडा म्हणून ठोकला. मग बहिणीला घेऊन आले. तोच दांडा धरून ती एकेक पायरी चढली. पाठोपाठ शेजारीण आली, मग तिची सासू. गोदामाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मंडळी, सरकार छावणी उठवतं, कुलूप काढतं. पण वर्षानुवर्षं हटकलेली माणसं तेवढ्याने आत येत नाहीत. ज्याने हटकलं, त्यानेच बाहेर जाऊन त्यांना बोलवावं लागतं. काका आता रोज रस्त्यावर उभे असतात. म्हणतात, "या, आत या."