कळंब्याच्या भिंतीतली वेणी

सोमवारी संध्याकाळी रुद्राप्पांच्या घरापुढच्या बोळात चपलांचा एवढा ढीग पडायचा, की घरी पोचल्यावर निम्म्या लोकांच्या पायांत दुसऱ्याच कुणाच्या चपला असायच्या. १९९९चा फेब्रुवारी होता आणि कळंब्याच्या तळ्यावरून गार वारा येत होता. खाली सोप्यात साठ-सत्तर माणसं भिंतीला कान लावायला रांगेत उभी होती. वरच्या खोलीत शंभरएक जण भजनाच्या तालावर पाय आपटत होते.

भिंतीवर ती दिसत होती. पांढरी, बाईच्या उंचीची आणि पाठमोरी. वर डोक्यासारखा गोळा, मानेपासून कमरेपर्यंत जाड सरळ वेणी, आणि डावीकडे कुणाला तरी थांबवावं तसा उचललेला हात.

"शिवांजलीताई हाय," आकारामबाबा म्हणाला. गळ्यात रुद्राक्षं आणि हातात पितळी तांब्या होता. "रुसलीया. पाठ फिरवून उभी हाय. तिला तहान लागलीया, पाणी पाजा, मग कशी भरून येती बघा."

त्यानं तांब्या भिंतीवर वरून ओतला. वर भजन टिपेला गेलं आणि भिंत कण्हली.

मीही तो आवाज ऐकला. रिकामं जातं कुणी अगदी सावकाश ओढावं तसा तो होता. बायकांनी हात जोडले. माझ्या अंगावर काटा आला, हे लपवण्यात अर्थ नाही. बी.एस्सी.ची तीन वर्षं शिवांजली माझ्या पुढच्या बाकावर बसायची आणि तिची वेणी माझ्या वहीवर यायची. गेल्या मार्चमध्ये ती काविळीनं गेली.

"क्रांती, तू शास्त्र शिकलीयास," तिचे वडील रुद्राप्पा मला म्हणाले होते. "एकदा येऊन बघ." पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत मी विटा, वाळू, सिमेंट तपासते. म्हणून आले होते.

"काकू, हा लोणा आहे, ओलीनं भिंतीवर फुटलेलं मीठ," मी तिच्या आईला, शांतव्वांना, हळूच म्हणाले.

बाबाच्या कानांवरून काही सुटायचं नाही. "लोणा जमिनीतनं वर चढतोय, पावणं. ही आढ्याकडनं खाली उतरलीया. आनि लोणा वेणी घालतोय व्हय?"

लोक हसले. पण प्रश्न बरोबर होता.

जाण्यापूर्वी बाबानं घोषणा केली. पुढच्या सोमवारी अमावास्या लागते. अकरा घागरी पाणी घालायचं, दोनशे माणसांनी वर भजनाला बसायचं, आणि ताई तोंड फिरवणार. शांतव्वांचे डोळे भरून आले. वर्षभरात कुणी त्यांना एवढं मोठं काही देऊ केलं नव्हतं.

लोक गेल्यावर मी रुद्राप्पांना विटा कुठल्या म्हणून विचारलं.

"शिरोळच्या आमच्या रानातल्या मातीच्या. उसाला पाणी पाजून पाजून जमिनीत मीठ फुटलं, काय उगवंना. मग म्हटलं माती वाया कशाला घालवायची, विटा पाडू. आपल्या मातीचं घर व्हतंय की."

"शिवांजलीला कुठं ठेवलं, काका?"

ते लिंगायत. त्यांच्यात मातीत ठेवतात. उत्तर शांतव्वांनी दिलं. "त्याच रानात. म्हणून तर आली न्हवं ती. ज्या मातीत ठेवली, तीच माती भिंतीत हाय."

मंगळवारी मी प्रयोगशाळेतून शुद्ध पाण्याचा कॅन आणि दुसऱ्या भट्टीच्या दोन विटा घेऊन आले. परसात घर बांधताना उरलेल्या विटांचा ढीग होता, त्यातल्या चार काढल्या.

"काकू, ह्या सहा विटा परातींत उभ्या करा. बोटभर पाणी घाला. वीट पाणी प्यायली की पुन्हा तेवढंच घाला. मग वाळू द्या. मी हात लावणार नाही."

"ह्यानं काय व्हणार?"

"मलाही बघायचंय."

त्यांनी पराती दुधाच्या भांड्यांशेजारी मांडल्या आणि रोज निगुतीनं बघितल्या.

बुधवारी मी ज्ञानू गवंड्याला घेऊन आले. घर त्यानंच बांधलं होतं. भिंतीपुढं उभं राहून त्यानं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"बाई, ही वेणी न्हाय. ही माझी खाच हाय. गिलावा झाला आनि मग लाइटवाला आला. नळी घालायला वरनं खालपतोर भिंत फोडली, डावीकडं बोर्डासाठनं आडवी फोडली. मग हलक्या मालानं बुजवली. वरच्या अंगाचा गोळा म्हंजे नळीच्या जोडाची डबी."

वेणी, हात आणि डोकं. बाबाच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. मीठ विटेतच होतं, जमिनीतून यायची त्याला गरज नव्हती. पाणी वरून ओतलं की ते विरघळणार, जिथं माल सर्वांत हलका तिथून बाहेर पडणार आणि वाळल्यावर पांढरं दिसणार. तहान लागली होती ती भिंतीला नव्हे, तर बाबाच्या खेळाला.

पण ज्ञानूचं बोलणं संपलं नव्हतं. खिडकीच्या कडेला गिलावा सुटला होता, तिथल्या उघड्या विटेत त्यानं अंगठा दाबला. वीट पिठासारखी गळाली.

"मी तवाच सांगितलेलं, ही वीट तिसऱ्या दर्जाची बी न्हाय, कुंपणाला घाला. कोण ऐकतंय? आनि वरच्या खोलीचा बीम ह्याच भिंतीवर टेकलाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचा बाबा भट्टीवर मुकादम हुता. मिठाच्या विटा कवा फुलतात, त्याला पाठ हाय."

मी रुद्राप्पांकडून बांधकाम परवान्याचा कागद मागून घेतला. त्यावर लिहिलं होतं, राहण्याचे घर. नियमांच्या पुस्तकात प्रत्येक जागेचा वर्ग ठरलेला असतो: राहण्याची, शाळेची, गोदामाची, लोक जमण्याची. राहण्याच्या खोलीत चौरस मीटरला दोनशे किलो भार धरतात. जिथं माणसं दाटीनं जमणार, तिथं पाचशे.

"खोली ती खोलीच की," रुद्राप्पा म्हणाले. "आम्ही जेवतोय का भजन करतोय, तिला काय कळतंय?"

"तेवढं कळत नाही, काका. किती जण आलेत, एवढंच कळतं."

त्यांनी कागदाची घडी केली. "सोमवार जाऊ दे, पोरी. हिला लेकीचं तोंड बघायचंय."

रविवारी सकाळी शांतव्वांनी मला परसात बोलावलं. माझ्या दोन विटा लाल होत्या. त्यांच्या चारही विटांवर कापसासारखी पांढरी लव उगवली होती. त्यांनी बोट फिरवून जिभेला लावलं.

"रानात मीठ फुटलं तवा हीच चव हुती," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "चारी विटांत आली व्हय गं माझी पोर?"

"नाही, काकू. माती तीच आहे. ती नाही."

त्या पायरीवर बसल्या. मला आणखी एक विचारायचं होतं आणि विचारायचा धीर होत नव्हता. "काकू, वर कुणी नसताना भिंत कधी कण्हली?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"रोज दुपारी कान लावून बसते मी. तास तास. एकदा सुदिक 'अव्वा' म्हणली न्हाय. वर माणसं नाचाय लागली की मातर सगळ्यांशी बोलती. मला वाटायचं, माझ्यावरच रुसलीया."

"माणसांचं वजन बीमवर येतं. बीमखाली विटेचा भुसा झालाय. तो दळला जातो, काकू."

"म्हंजे उद्या दोनशे माणसं—"

"हो."

सोमवारी लोक पाच वाजल्यापासूनच आले. जोतिबाहून गुलाल आणलेला, दारात अकरा घागरी ओळीनं. मी दारात दोघातिघांना समजवायला बघितलं. "बाई, तुमचा इस्वास न्हाय तर बाजूला व्हा," म्हणत त्यांनी मला बाजूला केलं. तीसेक माणसं वर गेलीसुद्धा.

मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर शांतव्वा येऊन उभ्या राहिल्या. हातांत परात, परातीत पांढरी वीट.

"वर कोण जायचं न्हाय. वर गेलेल्यांनी खाली यायचं."

बाबानं मान हलवली. "आईची माया आडवी आली. आक्का, आज ताई तोंड दावणार, आनि तुमीच वाट अडवताय?"

"तेवीस वरसं तिचं तोंड बघितलंय मी. तुमी सांगा बाबा, तिच्या हनवटीला तीळ हुता, तो कुठल्या अंगाला?"

बाबानं तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "देवाघरी गेल्यावं तीळ ऱ्हात न्हाईत."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. शांतव्वा हसल्या नाहीत. त्यांनी परात पुढं केली. "ही आमच्या परसातली वीट. तुमी हिला हात लावला न्हाय, मंतर घातला न्हाय. मी चार दिस पानी पाजलं. बघा, भरून आली का न्हाय."

परात हातोहात फिरली. ज्ञानूनं पुढं होऊन वेणीवर छिन्नी धरली आणि दोन हलके ठोके दिले. पांढरा पापुद्रा गळाला. आत राखी रंगाची नळी होती, लाइटची.

"घ्या वेणी," तो म्हणाला. "आनि काय मुकादम, वळख हाय का?"

"ताई कोपणार," बाबा म्हणाला, पण तोवर तो दाराकडं सरकला होता.

वरची माणसं जिन्यावरून एकदम उतरायला लागली. भिंत कण्हली. बीमच्या बुडातून विटेची लाल धूळ सुटली आणि शांतव्वांच्या खांद्यावर पडली. या वेळी कुणी हात जोडले नाहीत. सगळे बोळात गेले आणि अंधार पडेपर्यंत लांबून घराकडं बघत राहिले. ज्ञानूनं त्याच रात्री बीमखाली टेकू लावले. पुढं महिनाभरात भिंत थोडी थोडी काढून नव्यानं बांधली.

काढताना तिच्या कितीतरी विटा हातातच फुटल्या. शांतव्वांनी एक अख्खी वीट बाजूला ठेवली.

"ठेवू का?" त्यांनी मला विचारलं.

"ठेवा. कोरडी ठेवा."

हे मी लिहिते आहे ते बाबाची फजिती सांगायला नाही. तसे बाबा दुसऱ्या गावात दुसरी भिंत शोधतात. वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे: भिंतीत कुणी दिसलं तर हात जोडण्याआधी विचारा, वीट कुठल्या मातीची, पाणी कुठून आलं, आणि वर किती माणसं उभी आहेत. ज्याचं उत्तर परातीतल्या बोटभर पाण्यात मिळतं, ते कुणाच्या तोंडून विकत घेऊ नका. विशेषतः जेव्हा तुमचं कुणी गेलेलं असेल, तेव्हा.

थंडीच्या दिवसांत एखाद्या भिंतीवर उभा पांढरा पट्टा दिसला, की अजूनही माझा हात वहीवरची वेणी बाजूला सारायला उचलला जातो. तो तसाच पुढं नेऊन मी भिंतीला लावते आणि ओल आहे का ते बघते.