निघतानाचा शब्द

घेवरचंद शेठ धोतराचा सोगा वर धरून कोंडवाड्याच्या मधोमध उभे होते आणि एक म्हैस त्यांच्याकडे फार लक्षपूर्वक बघत होती.

"मारकी ते नही ना ही?"

"मारकी शे," करणसिंग म्हणाला. "म्हनीसन ते आठे शे."

शेठ थोडे बाजूला सरकले. ज्यांच्या भुवईवर नंदुरबारच्या मिरचीचा भाव चढत-उतरत असे, ते शेठ नगरपालिकेच्या कोंडवाड्यात स्वतःच्या पायांनी आले, हे म्हशीलासुद्धा खटकलं असावं.

"करणसिंगभाऊ, एक काम शे. मन्ही मायले एक डाव 'येस' म्हनी या. बस, इतलंच."

कोंडवाड्याचा राखणदार करणसिंग गिरासे याने कडब्याची पेंडी खाली ठेवली. जी गोष्ट टाळण्यासाठी तो होळीपासून मुक्यासारखा वागत होता, ती धोतर सावरत दारात आली होती.

आता, निघताना 'येतो' म्हणायचं, यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नाही. खानदेशातला माणूस विहिरीवर निघाला तरी 'येस' म्हणूनच उंबरा ओलांडतो. 'जास' म्हणजे कायमचं जाणं. ते तोंडातून काढत नाहीत. करणसिंगही जन्मभर 'येस'च म्हणत आला होता. सेवाघरात जाऊ लागेपर्यंत त्या शब्दाने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

सेवाघर म्हणजे स्टेशनामागच्या धर्मशाळेला लागून असलेली एक लांबट खोली. गाडीतून उतरवून ठेवलेले, डोंगरातून झोळीत घालून आणलेले, घरच्यांना पुरे झालेले, अशा माणसांना तिथे शेवटची खाट मिळे. सेवेला गावातल्या प्रतिष्ठितांनी हौसेने नावं दिली होती आणि लवकरच त्या सगळ्यांच्या कंबरा धरल्या. करणसिंग तिथे गेला होता तो खरं म्हणजे धर्मशाळेची उनाड शेळी पकडायला. खोली सांभाळणाऱ्या पार्वतीबाईंनी "जरासं यानं डोकं धरा, आप्पा" म्हणून एका म्हाताऱ्याचं डोकं त्याच्या हातात दिलं, आणि शेळी राहिली ती राहिलीच. दिवसा मालक नसलेली ढोरं, संध्याकाळी मालक नसलेली माणसं. त्याला कामात फारसा फरक वाटला नाही.

मग डोंगरातून आणलेल्या एका म्हाताऱ्याचं प्रकरण झालं. डॉक्टर म्हणाले, हा दिवेलागणीपर्यंत नाही. करणसिंग त्याचं तोंड पुसून "येस हां, बाबा" म्हणाला आणि नेमकं नगरपालिकेच्या साहेबांनी त्याला शहाद्याला पिटाळलं. आठवडा गेला. म्हातारा अन्न नाही, पाणी नाही, असा दाराकडे डोळे लावून पडून राहिला. पाय गार झाले, मग पोट गार झालं. डोळ्यांवर माशी बसली तरी पापणी हलेना, आणि तरी आतून कुणीतरी बघत होतं. करणसिंग दारात आला तेव्हा म्हातारा "उना", म्हणजे आलास, एवढंच म्हणाला आणि गेला.

दुसऱ्यांदा एक भिकारीण. तिसऱ्यांदा सुरतेच्या गाडीतून उतरवलेला हमाल. तिसऱ्या वेळी पार्वतीबाईंनी करणसिंगला ओट्यावर बसवलं.

"आप्पा, तुम्ही निंघताना 'येस' म्हनतस. म्हनीसन ते थांबतस."

"मंग काय म्हनू? 'जास' म्हनू?"

"असं अभद्र नका बोलू. काहीच म्हनू नका. मुक्याना मायक निंघी जा."

तेव्हापासून करणसिंग पाणी पाजून झालं की न बोलता चालू पडे. बाजारपेठेत लोक म्हणत, गिरासे माजला. त्याला ते परवडत होतं.

पण बातमी फिरायची ती फिरलीच, आणि शेठची आई प्यारीबाई आता त्याच खोलीत होत्या. खोली त्यांनीच नवऱ्याच्या नावाने बांधून दिली होती. घरात नातवाच्या अक्षय्य तृतीयेच्या लग्नासाठी रंग चालू असल्याने, चुन्याचा वास आईंना सोसणार नाही, असं शेठना कळवळून वाटलं. त्या आल्या म्हणून बाकीच्या खाटा रिकाम्या झाल्या. म्हणजे बाकीच्यांना दुसरीकडे मरायला सांगण्यात आलं.

"आखाजीनं लगीन शे," शेठ म्हणाले. "कलकत्त्यापासून पाहुना येई ऱ्हायनात. डॉक्टर म्हनतस, आज ना उद्या. मधमा सुतक उनं ते मी कोनले तोंड दाखाडू?"

"मी काय देव शे का, शेठ? मी ढोरं राखस."

"ढोरंच राख. मायलेबी राख. आखाजीलोंग."

करणसिंगने ठरवलं होतं, म्हणायचं नाही. संध्याकाळी गेला, प्यारीबाईंना चमच्याने पाणी पाजलं, उशी सरळ केली. त्यांनी क्षीण हाताने त्याच्या मनगटाला थोपटलं. एवढी मोठ्या घरची बाई, उठून न बोलता कसं चालू पडायचं? उंबऱ्यावर पाय ठेवला आणि जीभ आपली आपणच वळली. "येस हां, काकी."

शेठ बाहेर ओट्यावर होते. ऐकल्याबरोबर त्यांनी डोळे मिटून हात जोडले. कुणाला जोडले ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच नगरपालिकेने करणसिंगला न मागितलेली रजा दिली, आणि शेठच्या ट्रकने त्याला तोरणमाळच्या डोंगरावर नेऊन सोडलं. तिथे शेठसाठी चारोळी गोळा करणारा खात्या नावाचा पावरा आदिवासी होता. त्याच्या झोपडीत राहायचं, खायचं आणि लग्न लागेपर्यंत खाली उतरायचं नाही, एवढीच करणसिंगची नोकरी.

वर हवा गार होती. करणसिंगला झोप येईना. खात्या कमी बोले, आणि बोलला तर मोडक्यातोडक्या अहिराणीत. जेवताना एकदा करणसिंगने त्याला सगळं सांगितलं. खात्याने भाकरी चावून गिळली.

"मंग ती बाई?"

"ती थांबस."

"कोठे थांबस?"

करणसिंगने हातातली भाकरी खाली ठेवली. मग तो उठला, उपरणं खांद्यावर टाकलं आणि घाटाने खाली उतरू लागला. कुठे पायी, कुठे बैलगाडीने, तो नंदुरबारला पोचला तेव्हा आखाजीची दुपार होती. बाजारपेठेकडून बँड ऐकू येत होता.

पार्वतीबाई सेवाघराच्या बाहेर, उन्हात बसल्या होत्या. आत सावली असून.

"मझार बसावत नही, आप्पा," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनी नाडी देखी, काही बोलना नही, हात धोयात आनि निंघी गया. परवादिनपासून श्वास दिसत नही. पन मी कोपरामा गऊ का डोळा मन्हामांगे येतस."

करणसिंग आत गेला. खोलीत एप्रिलच्या दुपारी विहिरीच्या तळासारखा गारवा होता. प्यारीबाई होत्या तशाच पडल्या होत्या, फक्त जास्त सपाट. चादरीखाली कुणी आहे हे चेहऱ्यावरूनच कळावं. ओठ हलले नाहीत, तरी शब्द ऐकू आले.

"उना का रे, करण."

"उनू, काकी."

तो थांबला. आता त्या जातील, म्हाताऱ्यासारख्या. त्या गेल्या नाहीत.

"दुखस का, काकी?"

"दुखनं कव्हयच सरी गयं. नुसतं थांबनं ऱ्हायनं." डोळे त्याच्यावर होते. "आते तू बसशी. मंग उठशी. मंग परत 'येस' म्हनशी. मी कितला डाव थांबू?"

"नही म्हनाव. काहीच नही म्हनाव."

"न बोलता गया ते मी समजसू, पानी लेवाले गया व्हई." डोळे उंबऱ्याकडे वळले. "'जास' म्हन."

"तसं म्हनतस नही, काकी."

"नही म्हनतस. म्हनीसन ते मी आडकी गयू."

करणसिंगची पन्नाशी उलटली, आई-बापाला पोचवलं, बायकोला पोचवलं, पण हा शब्द त्याने कधी कुणासमोर उच्चारला नव्हता. बोलायचा म्हटला तर जिभेला वळण माहीत नव्हतं. शिवाय शेठ होते, कोंडवाड्याची नोकरी होती, मांडवात बसलेला नवरदेव होता. आणि इकडे ही बाई होती, जिला कुठे थांबवून ठेवलंय ते त्याला सांगता येत नव्हतं.

त्याने त्यांची चादर नीट केली. उभा राहिला. उंबऱ्यापर्यंत गेला, वळला, हात जोडले.

"काकी," तो म्हणाला, "मी जास."

खोलीतला गारवा त्याच्या अंगावरून बाहेर गेला, दारातून माणूस जावा तसा. खाटेवरचे डोळे आता कुणाकडेच बघत नव्हते. पार्वतीबाई पदराने घाम पुसत आत आल्या; बऱ्याच दिवसांनी त्यांना आत उकडत होतं.

"मांडवमा सांगनं का?" करणसिंगने विचारलं.

"फेरा होई जाऊ द्या," पार्वतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी प्यारीबाईंच्या पापण्या मिटल्या. "पोरीना काय गुन्हा शे?"

संध्याकाळी नवरा-नवरी आजीच्या पाया पडायला आली. पार्वतीबाईंनी त्यांना उंबऱ्याबाहेरूनच वाकायला लावलं. "झोपेल शेतस," त्या म्हणाल्या. ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. मागे शेठ उभे होते. त्यांनी खाटेकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून छातीशी धरला. मग पाहुण्यांचा आवाज आला तेव्हा परत डोक्यावर चढवला, थोडा वाकडा बसला, आणि मांडवाकडे निघाले. करणसिंगला ते काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही.

सुतक फिटलं. सेवाघराच्या खाटा पुन्हा भरल्या. पार्वतीबाईंनी निरोप धाडला की एक आंधळा म्हातारा उनाय, हात कमी पडतात. करणसिंग आला आणि उंबऱ्याशी थबकला.

"या ना मझार, आप्पा."

"'जास' म्हनी गयू ना मी आठेन," तो म्हणाला. "आते कसा येऊ?"

पार्वतीबाईंनी त्याला समजावलं, रागावून पाहिलं. मग त्यांनी म्हाताऱ्याची खाट ओढून खिडकीला लावली.

पुढे कितीतरी वर्षं स्टेशनाकडे जाणाऱ्यांना तो दिसे. गल्लीत उभा, खांदा खिडकीच्या गजांना टेकलेला, एक हात कोपरापर्यंत आत. आतल्या माणसाला तोंड दिसत नसे, नुसता हात यायचा, पाण्याचा चमचा घेऊन. त्या पहिल्या संध्याकाळी आंधळ्याने तो हात चाचपून पाहिला, ओळखीचा नव्हता, तरी धरून ठेवला. करणसिंगने काढून घेतला नाही. गल्लीतून ढोरं परतत होती, आणि तो त्यांना वाट देत, भिंतीला चिकटून उभा राहिला.