अंड्यांपासून सात पावलांवर

गेली वीस वर्षं मी लोकांचे डोळे तपासतो आणि चष्मे विकतो. बायकोच्या मते मला स्वतःच्या नाकाखालचं दिसत नाही. त्या रविवारी तिचं म्हणणं मी खरं करून दाखवलं.

तिचे थोरले भाऊ, आमचे दादा, पक्ष्यांसाठी राखून ठेवलेल्या किनाऱ्यावर रखवालदार आहेत. किती दिवस बोलवत होते, म्हणून आम्ही एकदाचे गेलो. त्यांनी बगळे दाखवले, चिखलात तिरके पळणारे खेकडे दाखवले आणि लांबूनच वाळूतली एक जागा दाखवली. तिथे चिखल्याने, म्हणजे मुठीएवढ्या पक्ष्याने, तीन अंडी घातली होती.

"दोन-तीन दिवसांत पिल्लं येतील," दादा म्हणाले. घरात पाळणा हलणार असल्यासारखे खुशीत होते. "दोरीपलीकडे मात्र कुणी जायचं नाही. मीसुद्धा पहाटे एकदाच जातो."

मग भाऊ-बहीण चौकीत चहा करायला गेले आणि मला फोटोची हुक्की आली. नियम इतरांसाठी असतात, मी काय घरचाच माणूस! दोरी ओलांडली. वाळूत चुना लावलेला खुणेचा एक दगड दिसला. घरटं इथेच असणार, असं ठरवून मी मोठ्या शहाणपणाने त्याला लांबून वळसा घातला. बुटाखाली काहीतरी चुरडलं. शिंपला असेल म्हणून पाय उचलला, तर तळव्याला ओलं लागलेलं आणि त्यात एक इवलीशी चोच.

दादा दगड अंड्यांपाशी ठेवतच नाहीत. कावळे आणि आगाऊ माणसं दगडाजवळच शोधतात, म्हणून तो सात पावलं अलीकडे ठेवतात. हे त्यांनी मला चहा पिताना सांगितलं. तोवर मी बूट समुद्रात धुतला होता, फोनमधले फोटो पुसले होते आणि वाऱ्याने माझी पावलं बुजवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

"भाऊजी, काल दोरीपलीकडे कुणी गेलं होतं का हो?"

"छे! कोण जाणार?"

"मग मीच. पहाटे फेरी मारली, उजाडल्यावर बघतो तर तिन्ही अंडी चिरडलेली. अंधुक उजेडात माझाच पाय पडला."

गुरुवारी ते दुकानात आले, डोळे तपासायला. मी समोर पाटी लावली. शेवटची ओळसुद्धा त्यांनी घडाघडा वाचली.

"डोळे ठणठणीत आहेत, दादा."

"मग डोकं कामातून गेलंय. साहेबांना अर्ज दिलाय, सोमवारपासून मला तिकीट खिडकीवर बसवा म्हणून. ज्याला पायाखालची अंडी दिसत नाहीत, त्याने किनाऱ्यावर फिरू नये."

तीस वर्षं तो माणूस उन्हातान्हात त्या वाळूवर चालला होता. मला माझी लाज वाटली.

"दादा, ते मी केलं," मी म्हणालो आणि फोटो, दोरी, दगड, बूट सगळं सांगून टाकलं.

ते हसले.

"सात पावलांचं मीच तुम्हाला सांगितलं, त्यावरून रचलंत ना? फोटो दाखवा बघू."

"पुसले."

"बूट?"

"धुतला. बायकोची शपथ, दादा!"

"माझ्या बहिणीच्या खोट्या शपथा घेऊ नका," त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझी चूक तुमच्या माथी मारून मी तिथे कोणत्या तोंडाने उभा राहू?"

घरी गेलो तर बायको दारातच उभी होती. तिचे डोळे भरून आले होते.

"दादाचा फोन आला होता. त्याच्यासाठी तुम्ही एवढं खोटं बोललात?"

वीस वर्षांत तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. आता बोलायलाच हवं होतं. मी मान खाली घालून बूट काढत राहिलो, आणि तिला ते माझं मोठेपण वाटलं.