मातीत राहिलेलं पाडळीचं फूल

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. खरं तर खांबाचा खालचा अर्धा भाग. वरच्या अर्ध्याचं काय झालं, तेच आज सांगतो.

मी मूळचा जंगलातला सालवृक्ष. शोण नदीतून तरंगत मला आणलं, तेव्हा पाटलीपुत्र हे गंगेकाठचं चिखलातलं खेडं होतं. राजाने तिथे राजधानी मांडली आणि भोवती लाकडी तट उभारायला घेतला. पुन्नक सुताराने मला वाकसाने तासलं आणि जमिनीत जाणाऱ्या टोकावर पाडळीचं फूल कोरलं. त्याची चिमुरडी लेक धनवती हसायला लागली.

"बाबा, मातीत हे बघणार कोण? गांडुळं?"

"वरचा भाग राजाचा, पोरी. खालचा आपला. आपलं काम नीट नको का करायला?"

बघता बघता नगर वाढलं. इथून सुटलेला हुकूम डोंगरांपलीकडे पाळला जाई. परदेशचे वकील मान वर करून माझ्याकडे बघत, आणि मीही जरा फुगलो होतो. पुन्नक गेला. धनवती मात्र दर उन्हाळ्यात येऊन मला तेल चोपडायची.

"काय म्हातारबा, बरं आहे ना?" असं विचारायची.

मग राजा वारला. राजपुत्र एकमेकांच्या जिवावर उठले. पहारे उठले, तटाची डागडुजी थांबली. त्यातच एका पावसाळ्यात दोन्ही नद्या एकदम चढल्या. सगळ्यांचं सरपण भिजलं आणि लोक आतून कोरडं लाकूड मिळेल म्हणून तट तोडून नेऊ लागले. म्हातारी धनवती कुऱ्हाड घेऊन मला टेकून बसली.

"याला हात लावाल तर खबरदार."

चौथ्या दिवशी तिची सून भिजत आली.

"सासूबाई, वन्सं बाळंतीण होऊन दोन दिवस झाले. पोटात पेज नाही. तांदूळ आहेत हो, पण चूल कशावर पेटवू?"

धनवती कुऱ्हाड टेकत उठली. मग तिने माझ्यावर हात फिरवला.

"बाबा, वरचा भाग राजाचा ना? राजा तर गेला. आपल्या भागाला मी हात लावत नाही."

पहिला घाव तिनेच घातला. दुखलं, खोटं कशाला सांगू? पण राग आला नाही.

पुढे गाळ साचला आणि मी झाकला गेलो. अलीकडे काही माणसांनी खणलं, मला हळुवार पुसलं, मापं घेतली. फूल वीतभरच खाली राहिलं होतं, तोच खड्ड्यात पाणी भरलं. त्यांनी पुन्हा माती लोटली.

मित्रांनो, इकडे आलात तर पाटीवरची राजांची नावं खुशाल वाचा. फक्त पाय जपून टाका. खाली पुन्नकचं फूल आहे, आणि त्या बापलेकींशिवाय ते अजून कोणी पाहिलेलं नाही.